नवव्या ओळीवर

आज्ञा दिली. काही नाही.
पुन्हा दिली.
कर्सर पुढच्या ओळीवर जाऊन उभा,
जणू मी काही विचारलंच नव्हतं.

एरर आली असती तर बरं झालं असतं,
एररशी भांडता तरी येतं.
हा तर स्टेटस विचारला की म्हणतो, शून्य.
म्हणजे सगळं यथास्थित.
चोवीस हजार कमिट्स पोटात
आणि तोंडातून चकार शब्द नाही.

मरोळ. तिसरा मजला. पावणेदोन.
विमान उतरलं की काच थरथरते,
टेबलावरचा कटिंगचा रिकामा ग्लासही.
फोनवर मेल्विन, वसईहून, पोराला थोपटत:
डिस्क भरली का बघ.
बघितली. एकसष्ट टक्के.
परवानग्या?
जशाच्या तशा.
पेजर खातोय का?
पेजर बंद करूनही पाहिला रे.
मग तो म्हणाला ते वाक्य,
ज्यासाठी आमच्या धंद्यात खून माफ असावेत:
माझ्याकडून तर दिसतंय सगळं.

लिहिलेलं जातं कुठं मग?
इतका वेळ मी उत्तराच्या मागे होतो.
आज्ञेलाच विचारलं, बाई, तुझा पत्ता काय?
पत्ते दोन आले.
एकाच नावाच्या दोघी.
खरी मागे राहिलेली,
आणि तिच्या पुढे अकरा ओळींची एक स्क्रिप्ट, सन दोन हजार तेरा.
शनिवारच्या अपग्रेडनं रांग फिरवली
आणि ही बारा वर्षांची
दारात येऊन बसली.

नवव्या ओळीवर ती खरीला हाक मारते,
आणि खरी जे जे सांगते
ते सगळं नलमध्ये ओतते.
वर एक टीप, रोमन अक्षरांत मराठी:
रात्री मेल येतात. आईची झोप सावध आहे.
अ. विरकर.

अनघा विरकर. हे नाव मी लॉगमध्येच पाहिलेलं,
अगदी तळाशी, सुरुवातीच्या काही शे कमिट्सवर.
बाई कधी पाहिली नाही.
आता कुठं असेल,
आणि ती आई?

फोन सायलेंटवर टाकता आला असता की.
नाही टाकला.
ओळ नीट वाचली तेव्हा कळलं,
आउटपुट अडवलंय, एरर मोकळ्या सोडल्यात.
खरंच काही पेटलं तर उठवा,
उगाच, सगळं ठीक आहे हे सांगायला नको.

फाइल पुसली नाही. नाव बदलून
जुन्या सामानाच्या डिरेक्टरीत ठेवली, टिपेसकट.
आज्ञा दिली,
आणि सर्व्हर बोलायला लागला,
तारखा, नावं, दुरुस्त्या, दुरुस्त्यांच्या दुरुस्त्या.
थांबवता आलं असतं, थांबवलं नाही.
तळापर्यंत जाऊ दिलं.

आलं का, मेल्विननं विचारलं.
आलं, म्हटलं मी, अगदी हळू.
पोर नुकतंच झोपलं होतं.

तिकिटात कारणाच्या रकान्यात
काय लिहावं ते अजून ठरत नाहीये.