सातव्या पडद्यावरची खरखर

शेफील्डला, ॲबीडेल रोडवर, कार्पेटवाल्याच्या शेजारी
माझं दुकान. एक खिडकी, एक बाक, एक हीटर,
तो लावला की दिवा मंदावतो.

तिने केस बाकावर ठेवली. रोझालिंड स्टॅनिफोर्थ.
सतरा वर्षांची असेल, बाहीला तळणीचा वास.
म्हणाली, एकशे चाळीस सांगतोय तो,
पाचपर्यंत थांबणार आहे.
घेऊ का? खरं सांगा.

मी आधी नुसती उचलतो.
झोपलेलं पोर जसं खांद्यावर जड होतं
तशी ती जड आहे. बरं लक्षण.

मग मान डोळ्यासमोर धरतो, एक डोळा मिटून.
पहिल्या पडद्यापासून शेवटच्यापर्यंत
केसाएवढा बाक. तेवढा हवाच.
फार ताठ मानेचं काही वाजत नाही.

पडद्यांच्या कडा अंगठ्याला बोचतात.
लाकूड आक्रसलंय. कुणीतरी हिला
कित्येक हिवाळे रेडिएटरला टेकवून ठेवलंय.
मान धडाला मिळते त्या फटीत
व्हिजिटिंग कार्ड घालून पाहतो. शिरत नाही.
म्हणजे कारखान्यात त्या दिवशी कुणाचं तरी
कामात लक्ष होतं.

ॲम्प लावतो.
मागचा पिकअप चिंचेसारखा, दात आंबवणारा.
पुढचा गोल, घोगरा, सर्दी झालेल्या मावशीसारखा.
बटण मध्ये ठेवलं की दोघं भांडत नाहीत,
हे मात्र महागड्या गिटारींनाही जमतंच असं नाही.
तारेला बोट टेकलं की गुणगुण थांबते. अर्थिंग ठीक.
व्हॉल्यूम फिरवताना कचकच. धूळ आहे, जाईल.

आता एकेक तार, एकेक पडदा,
उधारीचे पैसे परत घेताना मोजतात तसं.
चौथी तार. पाचवा. सहावा.
सातवा,
झर्र.

मिरजेत ह्या झर्रसाठी
माझे आजोबा दिवसदिवस घोडीवर कानस फिरवायचे.
तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवायचे,
गव्हाच्या दाण्याएवढा पुढे, तिळाएवढा मागे.
त्या धाग्याला जीव म्हणतात.
गिऱ्हाईक दारात ताटकळायचं, ते म्हणायचे,
बसा, जीव घालतोय.
नुसता सूर उघडा असतो म्हणायचे,
त्याला जवारी नेसवावी लागते.

त्यांच्या कानशीवर, मुठीच्या वर,
झिजलेली इंग्रजी अक्षरं होती.
शाळेत जायच्या आधी मी ती बोटाने गिरवली होती.
शेफील्ड.
मला वाटायचं, कानस घडवणाऱ्या माणसाचं नाव असेल.

आणि इथे, त्या माणसाच्या गावात,
मला खरखर काढायचे वीस पाउंड मिळतात.
तीन पडदे घासायचे, शिखर गोल करायचं,
सूर निघतो धुतल्या काचेसारखा,
पलीकडचं सगळं दिसणारा.

काय झालं, तिने विचारलं.
मी परत तेच वाजवत होतो. चौथी तार, सातवा पडदा.
चौथ्यांदा, बहुतेक.

दोष आहे, म्हटलं. इथे. ऐक.
हा त्याला ऐकवायचा आणि काही बोलायचं नाही.
तो स्वतःच वीस कमी करेल.

सहाला ती पुन्हा आली, पाठीवर केस, ट्रॅमने धावत.
एकशे पंधरा! म्हणाली,
मी काहीच बोलले नाही, तुम्ही सांगितलं तसं.

काढू का मग ती खरखर?
तिने खिशातली चिल्लर हातावर घेतली,
दोनदा मोजली, परत ठेवली.
पुढच्या महिन्यात, म्हणाली. आता राहू दे.

बरं, म्हटलं. धुळीवर फवारा मारून दिला, फुकट.
आणि वहीत तारखेसमोर लिहिलं, मराठीत,
कारण ही वही दुसरं कुणी वाचत नाही:
स्टॅनिफोर्थ. मान सरळ. पिकअप चांगले.
दोष एक. राहू दिला.