साडेतीन इंची

मिलवॉकीच्या दक्षिणेला एक जुनं मोटेल,
आता चौतीस कुटुंबं तिथे नव्वद दिवसांच्या बोलीवर राहतात.
त्यातली धुलाईची खोली मला दिली.
बर्निसबाई म्हणाल्या, "मुलांचं वाचनालय कर इथे.
पैसे थोडे आहेत. वास जाईल हळूहळू."

वास गेला नाही. साबणाचा होता, राहू दिला.
जमिनीच्या मधोमध पाणी जायची जाळी,
तिच्यावर गालिचा टाकला.
तिसऱ्या दिवशी मुलांना ती सापडली
आणि आखूड झालेल्या सगळ्या पेन्सिली तिच्यात जाऊ लागल्या.

मी सुतारकाम करते. आराखडे रात्री काढते, ओट्यावर.
कागदावर माणसं काढत नाही, फक्त मापं.
फळी अठ्ठावीस इंचांवर, म्हणजे पाच वर्षांचा हात पोचतो.
कोपरे गोल. खिडकीत गादीचा बाक,
तोंड रस्त्याकडे, सकाळचं ऊन मांडीवर.
मला त्या बाकाचा फार अभिमान होता.

इत्झेल, वय नऊ, त्यावर बसली आणि उठली.
"इथून शाळेची बस दिसते."
मी म्हटलं, "मग छानच की."
मोठ्या माणसांना समजावून सांगायची
तिला सवय असावी.
"बसलापण मी दिसते," म्हणाली.

संध्याकाळी दुधी कागद आणला,
काचेवर चिकटवला, खालून बेचाळीस इंच.
वर आभाळ ठेवलं,
आणि समोरच्या टायरवाल्याची पाटी, अर्धी.

नोंदवहीत छापील रकाने होते: नाव, पत्ता, परतीची तारीख.
पत्ता बर्निसबाईंनी पट्टी धरून खोडला.
तारीख मी, पट्टीशिवाय.

आणि मांडण्या. खरं तर त्यांचंच सांगायचं होतं.
सहाही मांडण्यांना मी चाकं लावली होती,
रबरी, आवाज न करणारी, माझ्या पदरच्या पैशांची.
ढकलून दाखवत होते बर्निसबाईंना,
बघा, खोली कशीही बदलता येते,
तेव्हा जमारी दारात उभा होता, एकाच पायात मोजा.
सात वर्षांचा. वर्षातली चौथी शाळा.
खाली वाकून त्याने चाकं पाहिली, एकेक.
"हेपण जाणार?"

"जाणार नाही रे, नुसतं सरकतं."
"कुठे?"

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे आपण किती सहज म्हणतो.
विंचवाला कुणी विचारलेलं नसतं.

रविवारी चाकं काढली. सगळी नाही, एकीचीच,
खिडकीजवळच्या अठ्ठेचाळीस इंचीची.
भिंतीआडचा लाकडी खांब बोटाने ठोकत शोधला:
पोकळ, पोकळ, पोकळ,
भरीव.
आठ स्क्रू, साडेतीन इंची.
चारांत भागलं असतं.

जमारी रोज यायचा. पुस्तक घ्यायचाच असं नाही.
वरची फळी दोन्ही हातांनी धरायचा,
गुडघे दुमडून लोंबकळायचा.
हे वजन मी मापात धरलं नव्हतं,
धरायला हवं होतं. ओरडले नाही.
"हलत नाही," स्वतःलाच सांगायचा आणि जायचा.

मार्चमधल्या एका गुरुवारी त्यांना केनोशात दोन खोल्या मिळाल्या,
कुणाच्या तरी गॅरेजवरच्या.
बाहेर त्याच्या आईची गाडी चालू होती,
मागच्या काचेपर्यंत पिशव्या, बर्फावर धूर.
आईने हॉर्न दिला. दुसऱ्यांदा दिला.
हा आत पळत आला, कोट उघडा,
फळी धरून ओढली.
मग पाय भिंतीला लावून पुन्हा, सगळ्या अंगाने.

काही बोलला नाही.
दार सताड टाकून पळाला.
थंडी आत येत होती, खालच्या फळीवरची पानं उडत होती.
मी लगेच उठले नाही.