कॅसरोल

"आई, आपल्याकडे कॅसरोल आहे का?" शार्दुलने विचारलं
आणि मी पोळ्यांचा डबा रिकामा करून
त्याच्या पुढ्यात ठेवला.
हसला. "हा नाही गं. कॅसरोल म्हणजे पदार्थ."
"मग भांडं कशाला मागतोस?"
"कॅसरोल भांड्यालाही म्हणतात."
"तेच तर म्हणतेय मी."

नऊ महिने बोटीवर, सेकंड कुक.
परवा उतरला. दोन दिवस नुसता झोपला,
पाय पलंगाच्या कडेला अडकवून,
जणू माझगावची ही खोलीसुद्धा
लाटेवर कलंडेल.
आज उठला आणि म्हणाला, रात्रीचं मी करतो.

नाक्यावरच्या कोल्ड स्टोरेजमधून सॉसेजची दोन पाकिटं,
कालचे सहा पाव, कडक झालेले,
मक्याचे दाणे, चीज, अर्धा लिटर दूध.
मी बटाटे सोलायला घेतले
तर हातातून काढून घेतले त्याने.
माझ्याच ओट्यापाशी पाहुणी होऊन
मी फ्रिजला टेकून उभी.

लोण्यात मैदा परतताना गॅस केला बारीक,
मी करते त्याहून बारीक.
दूध ओतलं, एक गुठळी नाही.
सॉसेजचे तुकडे तर असे पडत होते
जसे माझ्या आईच्या विळीवर शेवग्याचे पडत.
हे कुठून आलं याच्या हातात?
अठराव्या वर्षापर्यंत याला
मीठ कुठल्या बरणीत ते माहीत नव्हतं.

माळ्यावरचा गोल ओव्हन काढला, नानकटाईचा.
वायरीला थोडा वास येतो, पण चालतो.
खाली पाव, वर बटाटे, मका, सॉसेज,
त्यावर पांढरा रस्सा (सॉस म्हणायचं, ऋताने सांगितलं)
आणि किसलेलं चीज.
ह्यांनी पेपराच्या वरून विचारलं,
"हे माझ्या पथ्यात बसतं का?"
"नाही," आम्ही तिघं एकदम.
"मग एकच चमचा."

पंचवीस मिनिटं थांबायचं होतं.
काचेतून चीज फुगताना बघत तो म्हणाला,
"बाबांचं ऑपरेशन झालं ना मार्गशीर्षात,
तेव्हा आम्ही सिंगापूर सोडलेलं.
मेसेज आला, मग तीन दिवस नेट नाही.
मी कांदे सोलत बसलो. सोलतच बसलो.
रोडेल आहे ना, आमचा चीफ कुक, फिलिपिन्सचा,
त्याने सुरी काढून घेतली हातातली
आणि हे केलं.
कुणाच्या घरून काही कळलं की तो हेच करतो.
विचारत नाही काही.
ताटली ठेवतो, आणि संपेपर्यंत समोर बसून राहतो."

ती रात्र मला ठाऊक आहे.
ऑपरेशन थिएटरबाहेरचं लोखंडी बाकडं,
ऋताने आणलेला थर्मास, न उघडलेला.
आत माझा नवरा छाती उघडी टाकून पडलेला
आणि मी वेडी विचार करत होते
की त्या पोराने काही खाल्लं असेल का.
कुणाला सांगितलं नाही तेव्हा.
काय सांगणार?
सात महिन्यांनी उत्तर आलं,
कडेला जरासं करपलेलं.

तिखट अजिबात नव्हतं.
पाव दूध पिऊन शिऱ्यासारखा मऊ,
मध्येच सॉसेजचा खारट तुकडा.
बिनतिखटाचं इतकं घशाखाली उतरतं
हे मालवणी जिभेला पहिल्यांदाच कळलं.
ह्यांचा एक चमचा कधीच संपला होता,
आम्ही मोजायचं सोडून दिलं.

उरलेलं मी पोळ्यांच्या डब्यात भरलं
आणि झाकण दाबून लावलं.
मग भांडी घासता घासता विचारलं,
"रोडेलला आई आहे?"
"आहे. इलोइलोला. का?"
"तिला एक निरोप दे."
"काय?"
मला नीट सुचेना.
नळ चालूच राहिला.
"सांग," म्हटलं, "माझा पोटभर जेवला म्हणून."