चाळीस वेळा आर

मी हे काम शिकले त्या वर्षी
सगळ्या कोपऱ्यांना गोलाई हवी होती,
न्हाणीतल्या झिजल्या साबणासारखी.
मग काचेचं वर्ष आलं. पानामागचं पान धूसर,
जणू कुणी नुकताच श्वास सोडलाय त्यावर.
मग काळोखाचं. डोळ्यांना बरं असतं, म्हणाले,
आणि बँकांपासून बेकऱ्यांपर्यंत
आम्ही सगळ्यांच्या भिंती एका रात्रीत काळ्या केल्या.

आता यंत्रच पानं रचतं.
नीटनेटकी, हसरी, एकाच आव्यातली मडकी.
म्हणून रॉटरडॅमहून फेम्के लिहिते,
सेर्वा, यंदा माणसाचा हात दिसायला हवा.
थोडं चुकलेलं. थोडं हललेलं.
चुकीचं बजेट वेगळं धरलंय.

चुकीचं बजेट!
कुमासीत, सुआमेच्या गॅरेजांच्या ओळीत
माझ्या बापाने एकेचाळीस वर्षं पाट्या रंगवल्या.
न्हाव्यांच्या, शवपेट्या करणाऱ्यांच्या,
ट्रोट्रोच्या पाठीवर ‘देव जागा आहे’, लाल सावलीसकट.
लांब रेघ ओढताना तो श्वास रोखून धरी,
आम्ही पोरंही धरायचो,
ब्रश उचलला की सगळं घर श्वास सोडी.
अक्षराला वळण नसेल तर थिनरने पुसून पुन्हा.
पोरीला वळण नसेल तर जो हात यायचा
त्यालाही थिनरचाच वास.

मग फ्लेक्स आला, आणि त्याच्या उजव्या हातात कंप.
आधी काय आलं
यावर आईचं नि त्याचं अजून एकमत नाही.

मी म्हटलं, पापा, एक आर लिहून दे. चाळीस वेळा.
जसा येईल तसा.
‘जसा येईल तसा’ म्हणजे काय, ते त्याला कळेना.
पाटी कुणाची? रुंदी किती? उन्हात की सावलीत?
मी म्हटलं, पाटीच नाही, पापा.
मग लिहायचं कशाला, म्हणाला, आणि ब्रश भिजत घातला.

चौथ्या दिवशी त्याने एक कागद दिला.
एकच आर. ओळंब्याने मापून घ्यावा असा.
मनगट डाव्या हाताने दाबून धरलं असणार,
कोपराखाली कागद चुरगळला होता.
आणि बाकीचे?
त्याने मान वळवली.

रात्री मी केराची टोपली उपसली, चोरासारखी.
एकोणचाळीस आर.
एकाचं पोट सुटलेलं, एकाचा पाय घसरलेला,
एक दारात ताटकळलेला, आत येऊ की नको.
कांद्याची सालं झटकून
एकेकाला स्कॅनरखाली निजवलं.

फेम्केला रडूच आलं म्हणे.
तिच्या पोराने, कोड लिहिणाऱ्या, त्यांना गती दिली,
सेकंदाला पाच हेलकावे.
खऱ्या कंपाचा वेग तेवढाच असतो, त्याने कुठून तरी शोधून काढलं.
मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.
जेवताना चमचा ताटलीवर वाजतो. मी मोजलाय.

रविवारी चर्चहून आल्यावर त्याच्या हातात फोन दिला.
बुटांचं दुकान होतं. बूट त्याने पाहिलेच नाहीत.
चष्मा कपाळावर चढवला, पडदा नाकाशी नेला,
आणि विचारलं,
रंग वाळला नाही का अजून?

मग, लहानपणी आम्हाला सक्त मनाई होती ते केलं.
ओल्या अक्षरावर बोट टेकवलं.

कोडमध्ये एक ओळ मी घातली होती.
कुणी मागितली नव्हती, बिलातही लावली नव्हती.
स्पर्श झाला की थांब.

आर थांबला.
बोट हलत राहिलं, त्याच्यावर, त्याच्या बाहेर.
पापाने श्वास रोखला होता. मीही.
मागच्या अंगणातून आई हाका मारत होती,
फुफू कुटायला कुणी येतंय का, की मी एकटीच कुटू?