सहभागी सतरा

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात
एक तळटीप होती:
‘सहभागी क्रमांक १७ चा विदा
अपूर्ण प्रतिसादामुळे वगळला आहे.’
ती मी लिहिली, मे महिन्यातल्या एका दुपारी.
विभागातला पंखा बंद होता
आणि मला घरी जायचं होतं.

चार वर्षं मी एक वर्तुळ बनवते आहे.
फोनच्या पडद्यावर ते फुगतं, ओसरतं,
त्याच्यासोबत माणसानं श्वास घ्यावा अशी अपेक्षा आहे.
आधी ते निळं होतं. समितीतले सर म्हणाले, मुलं झोपतील.
मग हिरवं. मुली म्हणाल्या, बँकेसारखं वाटतं.
आता ते वरणाच्या रंगाचं आहे
आणि अजून कुणाची तक्रार नाही.
वर्तुळाखाली प्रश्न: आज कसं वाटतंय?
प्रश्नाखाली पाच चेहरे.
चेहरा दाबला की प्रश्न जातो, सल्ला येतो:
पाणी प्या. थोडं चाला. आवडत्या माणसाला फोन करा.

नव्या पेठेतली अभ्यासिका, तिसरा मजला.
ऐंशी खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर टॉवेल नाहीतर स्वेटर,
म्हणजे जागा धरलेली.
दारावर मालकांची पाटी:
‘आत बोलू नये. उसासे जिन्यात टाकावेत.’
मी हसले होते. फोटोही काढला, सादरीकरणासाठी.

सतरा म्हणजे वैजनाथ लोमटे, सेलूचा.
वय चोवीस, प्रयत्न तिसरा.
संमतीपत्रावर सही करताना त्यानं विचारलं,
“मॅडम, यात नापास होता येतं का?”
नाही, म्हटलं.
“मग चालेल.”

बेचाळीस रात्री
तीन वाजून काही मिनिटांनी त्यानं ॲप उघडलं.
सरासरी अकरा मिनिटं.
एकही चेहरा दाबलेला नाही.
तक्त्यात त्याची रांग शून्यांची,
आणि कारणाच्या रकान्यात दोनच पर्याय,
बिघाड किंवा अनास्था.
मी अनास्था निवडलं.

शेवटच्या मुलाखतीला तो आला,
दोनशे रुपयांचं कूपन होतं म्हणूनही असेल.
चहा नको म्हणाला. खुर्चीच्या कडेवर बसला.
सगळं झाल्यावर मी विचारलं,
प्रश्नावलीत नसलेलं:
काहीच का दाबलं नाहीस?

“दाबलं की प्रश्न जातो ना.
मग पाणी प्या म्हणतंय.
घरून फोन येतो, पण ते विचारतात जाहिरात निघाली का.
मेसवाल्या काकू विचारतात, डबा एक का दोन.
कसं वाटतंय, हे तेवढंच विचारायचं.
म्हणून ठेवायचो तसाच, उघडा.
स्क्रीन मंद झाली की बोट लावायचो कोपऱ्यात.
हळूच. चेहऱ्याला लागू नये असं.”

रेकॉर्डर चालू होता.
त्यात पुढची चाळीस सेकंदं
खाली कुणीतरी गाडी मागे घेतंय,
दुसरा कुणी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतोय.

तळटीप काढून टाकली.
मार्गदर्शक बाई म्हणाल्या, सुंदर आहे गं,
पण हे मोजणार कसं?
बरोबर आहे त्यांचं. अकरा मिनिटं मोजता येतात.
बोट चेहऱ्याला लागू न देणं
कुठल्या एककात लिहायचं, मला माहीत नाही.
मी तरी एक नवी आवृत्ती केली.
तिच्यात उत्तर दिलं तरी प्रश्न जात नाही,
आणि सल्ला कुणीच देत नाही.
परीक्षकानं समासात लिहिलं:
वापरकर्ता पुढे कसा जाणार?

वैजनाथचं पुढे काय झालं ते कळलं नाही.
अभ्यास संपल्यावर सहभागींशी संपर्क ठेवू नये,
कलम नऊ, माझंच वाक्य,
दोनदा तपासून घेतलेलं.

काल रात्री उशिरा त्या बाजूनं गेले.
तिसऱ्या मजल्यावर दिवे होते.
वर काही गेले नाही.
जिन्यात थोडी थांबले.
तिथे चालतं.