सातशे रुपये आणि एसटीचं भाडं

ठराव क्रमांक चौदा: बाहेरचं माणूस बोलवावं.
सूचक फरजाना. अनुमोदक कुणीच होईना,
म्हणून मीच, सचिव.
सातशे द्यायचे की पाचशे
यावरनं तासभर भांडलो,
तेव्हा बोलवायलाच लागतंय
हे वेगळं ठरवावं लागलं नाही.

भांडण कांडप मशीनच्या किल्लीचं.
किल्ली कुणाच्या घरी, आधी मिरची का हळद,
कुणाची वीस किलो रात्रीतून फुकट निघाली.
तीन बैठका खुर्च्या मोडून संपल्या.
खरं तर एकच मोडली, प्लास्टिकची,
तिचे पैसे अजून कुणी भरले नाहीत.

ती उदगीरहून निलंग्याला आली, तिथून रिक्षानं गावात.
सुगलाबाई बिराजदार, बावीस वर्षं कंडक्टर.
आम्हाला वाटलेलं कुणी वकीलबाई येईल, फाईल घेऊन.
हिच्या पिशवीत पाण्याची बाटली
आणि तिकीट टोचायचा चिमटा.
"मशिनी आल्या, पण डेपोनं हा परत मागितला नाही."

समाजमंदिरात पत्रा तापलेला.
चिमटा सतरंजीच्या मधोमध ठेवला.
"ज्या बाईच्या हातात हा, तिनंच बोलायचं.
बाकीच्यांनी पुढचा स्टॉप येईस्तोवर गप."

गोदावरीनं झडप घातली.
मधेच मैना, "काय बोलालीस गं तू..."
सुगलाबाईनं नुसतं बोट वर केलं,
दारात लोंबकळणाऱ्या पोराला करतात तसं.
मैना आत सरकली.

दुसऱ्या फेरीला म्हणाली,
आता आपलं नको, समोरचीचं सांगा.
गोदावरी चिमटा उलटा-सुलटा करत बसली.
मग म्हणाली, मैनाच्या मालकाला दमा आहे.
मशीन तिच्या भिंतीला लागून.
मिरचीचा खकाणा खिडकीतून आत जातो,
म्हणून ती हळद-हळद करते.
मैना पदराशी खेळत राहिली.
ही गोष्ट तिनं बैठकीत कधी सांगितलीच नव्हती.

दुपारी निलंगा राईस झाला, वर ताक.
हात धुऊन सुगलाबाईनं माझी वही मागितली.
वेबिल तपासावं तशी पानं चाळली,
ओठांत काहीतरी मोजत.
"बाया अकरा. बोलणाऱ्या दहाच.
एक पॅसेंजर कुठं उतरली?"

दाराशी हरणाबाई.
ती नेहमी दाराशीच बसते.
वहीत प्रत्येक ठरावाखाली माझं अक्षर,
वळणदार, बारावीपर्यंतचं: सर्वानुमते.
ती दर बैठकीला काहीतरी बोलायची, आठवलं मला.
मी पेन वर धरून थांबायचे,
तेवढ्यात कुणीतरी मोठ्यानं सुरू व्हायचं
आणि मी त्या मोठ्या आवाजाचं लिहायचे.

चिमटा तिच्याकडे गेला.
तिनं तो दाबला. टक्.
पुन्हा, टक्.
कुणी हसलं नाही.
"मशीन आणलं त्या दिवशी नारळ मी आणला होता,"
एवढंच बोलली,
आणि चिमटा पुढच्या बाईला दिला.

किल्लीचं काही ठरलं नाही.
पुढची तारीख ठरली, पंधरा दिवसांनी,
तोवर मिरची दुपारीच, मैनाची खिडकी लावून.
खुर्चीचे पैसे शेवंतानं मुकाट ठेवले.
सुगलाबाईनं सातशे मोजून घेतले,
भाड्यातले निम्मे परत केले:
"बायांना अर्धं तिकीट आहे. माहीत नाही का?"
पावतीच्या कोपऱ्यात भोक पाडलं, सवयीनं.

रात्री इतिवृत्त लिहायला बसले.
हात आपोआप 'सर्वा' पर्यंत गेला.
खोडलं. अकरा नावं लिहिली, एकाखाली एक,
नवव्या नावापुढची जागा रिकामी राहिली.
साडेआठला तिच्या घरी गेले.
ती चुलीपुढं, पीठ मळलेल्या हातांनी.
विचारलं, दर वेळी तू काय म्हणायचीस गं?
ती म्हणाली, "बस. आठवून सांगते."
बसले.
पेन आणायचं विसरले होते.