तोलाई

उदगीरच्या मोंढ्यात तूर उतरायची तेव्हा मी बावीसची.
अब्बांच्या पाठीवर बोरी,
आणि पट्टीवर हमाली दर वेळी तीन रुपये कमी.
ते गणित मी आधी वहीत केलं, मग कंप्युटरवर:
वजन, कडता, अडत, तोलाई, हमाली.
भारनियमन संपल्यावर, रात्री,
शेजारी अब्बांचं घोरणं.

सगळं माझं नव्हतं त्यात.
पैशांची मोड नीट करणारा एक तुकडा
कुणा लांबच्या माणसाचा, तोंड न पाहिलेल्या.
वर त्याने लिहिलेलं: वापर, मोड, जोड, विक,
फक्त माझं नाव खरडू नकोस.
मी नाही खरडलं.

बिराजदार मालकांनी खरडलं. दोघांचंही.
"पगार आमचा, खुर्ची आमची, मग कोड कामून तुझा?"
खुर्ची कुठली, मी सतरंजीवर बसायचे.
कागद आहे का, मुनीम म्हणाले.
कागद त्यांच्याकडेही नव्हता.

आठ हजाराला एक, कुलपासकट,
बारा मोंढ्यांत गेलं.
पाकिटावर छापलेलं: ओपन सोर्स.
म्हणजे कोड दिसतो. हात लावायचा नाही.
मोंढ्याच्या कोपऱ्यावर काचेच्या कपाटातली जिलेबी
मी लहानपणी रोज बघायचे,
ती उघडी आहे असं काही मला वाटलं नव्हतं.

मग देवणीहून खंडू मापाड्याचा फोन.
काटा बिघडला, वजन शून्याच्या खाली गेलं,
आणि पडद्यावर आलं:
अब्बा झोपलेत, सकाळी बघू.
"मॅडम, हे अब्बा कोण म्हणायचे?"

मी हसले. मग दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले.
पाकीट बदललं, नाव बदललं,
दिसत होता तो कोड, पण वाचला कुणीच नव्हता.
वकिलाला तेवढी ओळ पुरली.
मालकांना दोन तारखांनंतर.

आता ते नेटवर आहे, कुणीही घ्यावं.
अट एवढीच: ज्याचा तुकडा त्याचं नाव,
आणि बदललंस तर बदललेलंही असंच मोकळं ठेव.
विकायचं तर खुशाल विक.

पहिली दुरुस्ती किनवटच्या एका पोराची.
कडता उडवलाय त्याने.
हमाली लिहिताना माझी वेलांटी चुकली होती, तीही.
खाली विचारलंय:
ती अब्बांची ओळ काही कामाची नाही, काढू का ताई?

माझ्याच अटीप्रमाणे
विचारायची गरज नव्हती त्याला.
तीन दिवस झाले,
मी अजून उत्तर लिहितेय.